एल्विओ कादेईचा एकुलता एक गोल

एकोणीसशे एकोणनव्वद सालच्या जून महिन्यापर्यंत एल्विओ कादेईची कुंडली एवढीच होती: सतरा हंगाम, चारशे एकतीस सामने, गोल शून्य. अगदीच शून्य नाही म्हणा. दोन वेळा त्याने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला होता, आणि त्या दोन्हींच्या तारखा आमच्या क्रेदास्को गावातल्या बारमध्ये पत्ते कुटणाऱ्यांना तोंडपाठ होत्या. माणसाचं चांगलं कोण पाठ करून ठेवतं?

बचावाच्या अगदी मधोमध उभं राहणारा हा गडी. समोरच्या संघातला जो सगळ्यात दांडगा असेल त्याच्या पाठीला नव्वद मिनिटं चिकटायचं, आणि आपल्या गोलसमोर हवेत आलेला चेंडू डोक्याने लांब हाकलून द्यायचा, एवढंच त्याचं काम. नाक तीनदा मोडलं. पुढचे दोन दात दूर दक्षिणेत, कालाब्रियातल्या एका मैदानावर राहिले. भुवयांवर इतके टाके होते की त्याची बायको मारिलेना म्हणायची, "माझ्या आजीच्या गोधडीला एवढे टाके नव्हते." मोठ्या विभागातल्या खेळाडूंची रंगीत चित्रं पोरं वहीत चिकटवतात ना, तसं एल्विओचंही चित्र निघायचं. पण आम्ही पडलो तिसऱ्या पायरीचे, सेरी सीवाले. आमच्या अख्ख्या संघाला मिळून एकच चित्र, आणि त्यात एल्विओचा चेहरा मसुराच्या दाण्याएवढा.

आपल्या संघाला कॉर्नर मिळाला की सगळे उंच खेळाडू पुढे जातात. एल्विओ सगळ्यांत उंच, पण तो जात नसे. कोणीतरी मागे राहायला हवं ना. सतरा वर्षांत नऊ प्रशिक्षक झाले, आमच्याकडे प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणतात, आणि नऊच्या नऊ मिस्टरांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, "कादेई, तू मागे थांब." तो थांबला. पन्नास मीटरांवरून दुसऱ्यांच्या मिठ्या बघत राहिला. कोणी विचारलं की म्हणायचा, "गोल मारणं हे मिरवणाऱ्यांचं काम. आपण बरे आणि आपलं डोकं बरं." लोक माना डोलवायचे. पण सोमवारी सकाळी पेपर आला की आधी तो सामन्याची बातमी वाचत नसे. गोल करणाऱ्यांची बारीक अक्षरांतली यादी असते, तिच्यावरून बोट फिरवत बसायचा, सगळ्या विभागांची, सगळ्या गावांची. हे फक्त मारिलेनाला माहीत होतं आणि तिने कधी ब्र काढला नाही.

आता रेमोबद्दल सांगायला हवं.

रेमो फोरेस्ती आणि एल्विओ एकाच गल्लीतले, एकाच वर्षीचे. चर्चमागच्या खडीच्या मैदानावर डॉन चेलेस्ते नावाचे आमचे पाद्री झगा कमरेला खोचून शिट्टी वाजवायचे, तिथे दोघं खेळायला शिकले. एल्विओला उंची मिळाली, रेमोला पाय. काय पाय होते! चेंडू त्याच्याशी बोलायचा म्हणा ना. सोळाव्या वर्षी वालसेरा क्लबने दोघांनाही एकाच दिवशी उचललं. दोन वर्षांत वाटा फुटल्या. रेमोला शेजारच्या खोऱ्यातल्या पोंतेल्माने घेतलं आणि तो शेवटपर्यंत त्यांच्याकडूनच खेळला. एल्विओ एक वर्ष मोठ्या शहराच्या संघात जाऊन बाकावर बसून आला, मग तीन वर्षं खाली कालाब्रियात, आणि शेवटी पुन्हा वालसेरात. मधेच कधीतरी रेमोचा उजवा गुडघा गेला. तीनदा कापला, तीनदा शिवला. मग चेंडू बोलायचा थांबला, पण डोकं शाबूत होतं, म्हणून पोंतेल्माने त्याला कप्तानाचा पट्टा देऊन मैदानाच्या मध्यावर उभं ठेवलं.

एल्विओ कालाब्रियात असताना फेब्रुवारीत त्याचा बाप गेला. दगडाच्या खाणीतला माणूस, छातीत धूळ साचून गेला. बर्फामुळे गाड्या ठप्प झाल्या आणि एल्विओला वेळेत पोचता येईना. तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला रेमो उभा राहिला. चर्चमध्ये घरच्यांच्या पहिल्या ओळीत, मुलाच्या जागी. लोकांचे हात हातात घेतले, एल्विओच्या आईला घरी नेलं, चूल पेटवली. त्या दिवशी पोंतेल्माचा सामना होता. त्याच्या मिस्टरने बजावलं होतं, "बाप तुझा मेलेला नाही." रेमो म्हणाला, "माहीत आहे," आणि गेला नाही. पुढे दोन महिने त्याला संघाबाहेर बसवलं. एल्विओला हे दुसऱ्यांकडून कळलं. त्याने विचारल्यावर रेमो म्हणाला, "बरं झालं. थंडीत खेळायचा कंटाळाच आला होता."

तर असे हे दोघं. आणि एकोणनव्वदच्या जूनमध्ये, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, वालसेरा विरुद्ध पोंतेल्मा.

एक गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. शेवटच्या रविवारी दोन संघ समोरासमोर आले आणि बरोबरीने दोघांचंही भागणार असेल, तर सामना बरोबरीतच सुटतो. याला आम्ही 'बिस्किट' म्हणतो. दोघांनी मिळून खायचं. यात कोणी कोणाशी बोलत नाही. फोन नाही, निरोप नाही, पाकीट नाही. बोललं तर तो गुन्हा, शिक्षा आहे त्याला. न बोलता झालं तर तो समंजसपणा. पहिला तास थोडी धावाधाव दाखवायची, मग चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि ऊन खाऊन घरी जायचं. बाहेरच्या माणसाला ही फसवणूक वाटेल. वाटू दे.

त्या वर्षी दोघांनाही एकेक गुण पुरे होता. जो हरेल तो खालच्या विभागात जाणार, कारण सखल भागातला एक तिसरा संघ मागून येत होता आणि त्याचा सामना सोपा होता. एल्विओचा तो शेवटचा सामना. वय चौतीस, पाठ धरलेली, क्लबने आधीच पुष्पगुच्छ सांगून ठेवलेला. रेमोचाही शेवटचाच. पण रेमोच्या पुढे एक गोष्ट लटकत होती. ती एल्विओला मारिलेनाकडून कळली. तिला गुरुवारच्या बाजारात रेमोची बायको ओर्नेल्ला भेटली होती.

"संघ टिकला तर रेमोला क्लबच्या मुलांना शिकवायचं काम मिळतंय," मारिलेना बटाटे सोलता सोलता म्हणाली. "अध्यक्षांनी शब्द दिलाय. संघ खाली गेला तर क्लबच बंद होणार म्हणे. मग त्याला कारखाना."

"टिकेल," एल्विओ म्हणाला.

"गुडघ्याने कारखान्यात उभा कसा राहील तो?"

"टिकेल म्हटलं ना."

त्या आठवड्यात दोघं एकमेकांना भेटले नाहीत. दर आठवड्याला भेटणारी माणसं, पण भेटले असते तर कोणीतरी म्हणालं असतं की काहीतरी ठरलं. शनिवारी वालसेराच्या मिस्टरने सगळ्यांना जमवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या ऊन कडक आहे. पाणी भरपूर प्या. उगाच धावू नका." एवढीच त्याची युद्धनीती.

सामना ठरल्यासारखाच सुरू झाला, न ठरवता ठरलेला. मध्यंतरापर्यंत दोन्ही गोलकीपरांचे कपडे स्वच्छ. मध्यंतराला लिंबू घातलेला चहा झाला. उत्तरार्धात तर लोक हसायलाच लागले. चेंडू मागे गेला की टाळ्या, पुढे गेला की शिट्ट्या. "अहो, जपून, कोणाला तरी लागेल," असं एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं आणि प्रेक्षकांचा अख्खा कट्टा हसला. पोंतेल्माहून आलेल्यांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते. तिकडे तो तिसरा संघ तीन गोलने पुढे होता, पण त्याची फिकीर कोणाला? इथे शून्य-शून्य.

सत्त्याहत्तराव्या मिनिटाला वालसेराला कॉर्नर मिळाला. कोणालाच नको होता, पायाला लागून बाहेर गेला चेंडू. आणि कट्ट्यावरून कोणीतरी सुरू केलं, "कादेई पुढे, कादेई पुढे." सामना मेलेला, माणसाचा शेवटचा दिवस, लोकांना गंमत हवी होती. मग सगळेच ओरडायला लागले. एल्विओने मिस्टरकडे पाहिलं. मिस्टरने खांदे उडवले. सतरा वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याला थांब म्हणालं नाही, आणि तो लाजत लाजत, हात हलवत, मैदान ओलांडून पलीकडच्या गोलसमोर गेला.

रेमो तिथे उभाच होता. "काय रे, वाट चुकलास काय?"

"लोक सोडेनात."

"फोटो काढून घे आणि परत जा. उन्हात उगाच थांबायला लावलंस, इथपर्यंत यायला अर्धा तास लागला तुला."

दोघं हसले. कॉर्नर मारणाऱ्याने चेंडू अगदी आळसात लाथाडला. तो पोंतेल्माच्या एका खेळाडूच्या खांद्यावर आपटला, बिचाऱ्याचं लक्षही नव्हतं. तिथून चेंडू उंच उडाला आणि एल्विओच्या समोर खाली यायला लागला. आता मला सांगा, गोलसमोर, हवेत, खाली येणारा चेंडू. सतरा वर्षं या माणसाला एकच गोष्ट शिकवलेली. तो उडाला, मान मागे घेतली आणि कपाळाने चेंडू हाकलून दिला, जसा हजारदा हाकलला होता. फक्त या खेपेला तोंड उलट्या दिशेला होतं. पोंतेल्माचा गोलकीपर खांबाला टेकून बाटलीतून पाणी पीत होता. चेंडू जाळ्यात.

मग कट्ट्यावरच्या दोन-चार पोरांनी आरोळी ठोकली आणि आजूबाजूचे गप्प आहेत असं पाहून तीही थांबली. वालसेराचा एकही खेळाडू मिठी मारायला धावला नाही. मिस्टरने डोक्यावर हात ठेवले. मैदानाच्या कोपऱ्यात लोखंडी फलकाखाली बसणारा म्हातारा उठला, शिडी चढला आणि यजमानांच्या नावाखाली एकचा आकडा टांगून खाली आला.

"काय केलंस रे हे," रेमो म्हणाला.

"अंगावर आला चेंडू."

"बघितलं मी." रेमोने घाम पुसला. "असू दे. अजून वेळ आहे."

आणि खरंच वेळ होता. पुढची दहा मिनिटं वालसेराने दारं सताड उघडून ठेवली. बाजूचे बचाववाले पायात गोळे आल्यासारखे लंगडायला लागले. वालसेराचा गोलकीपर एल्विओजवळ येऊन पुटपुटला, "कादेई, मी डावीकडे उभा राहतो हं," म्हणजे उजवीकडे मोकळं. पण पोंतेल्मावाल्यांचे हातपाय गळाले होते. एकाने चेंडू आभाळात मारला, दुसऱ्याने खांबावर. घाबरलेल्या माणसाला उघडं दारही दिसत नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू रेमोकडे आला. गुडघ्याला पट्टी गुंडाळलेली, एक पाय ओढत, पण चेंडू त्या पायाला चिकटलेला, अगदी पूर्वीसारखा. वालसेराचे एक-दोन खेळाडू समोर आले आणि वाऱ्याने लोटल्यासारखे बाजूला झाले. राहिला एल्विओ. मागे गोलकीपर डावीकडे, उजवी बाजू सगळी मोकळी. रेमोने मान वर करून एल्विओकडे पाहिलं. विनवणी नव्हती, काही नव्हतं. पाहिलं फक्त.

एल्विओने पाय पुढे टाकला आणि चेंडू काढून घेतला. स्वच्छ, धक्का न लावता, एखाद्याच्या हातातली पिशवी घ्यावी तसा. मग लांब मारून दिला. दोन मिनिटांनी शिट्टी झाली.

पोंतेल्मा खाली गेलं. रेमो एल्विओच्या बाजूने चालत आत निघाला होता. एल्विओ म्हणाला, "रेमो." रेमो म्हणाला, "गुडघा दुखतोय, जाऊ दे मला." त्यानंतर बावीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढचं ऐका, म्हणजे जगाची गंमत कळेल. त्या दिवशी कट्ट्यावर फुटबॉल महासंघाचा एक निरीक्षक बसला होता आणि त्याच्या शेजारी मिलानचा एक पत्रकार. मंगळवारी पेपरात मथळा आला, 'जो बाजूला झाला नाही.' आपल्या सख्ख्या मित्रालाही न जुमानता खेळाशी इमान राखणारा माणूस, वगैरे वगैरे. मग दुसऱ्या पेपरात, मग टीव्हीवर. एका संस्थेने चांदीची थाळी दिली. ज्याचं तोंड मसुराएवढं छापायचे त्याचा पान भरून फोटो आला. वालसेराच्या नगरपालिकेने पोहण्याच्या तलावावर नोकरी दिली. शाळा बोलवायला लागल्या. एल्विओ कोट घालून जायचा आणि मुलांसमोर तेच सांगायचा, "मी विचार केला नाही. पाय आपोआप पुढे गेला." शिक्षिका डोळे पुसायच्या.

क्रेदास्कोत मात्र चित्र निराळं. तो बारमध्ये शिरला की पत्त्यांचा डाव थांबायचा. कोणी वाईट बोललं नाही. त्याचा वाइनचा पेला भरून द्यायचे, त्याच्या आईची चौकशी करायचे, आणि तो बाहेर पडेपर्यंत कोणी पान टाकायचं नाही. काही महिन्यांनी त्याने जाणंच सोडलं आणि आई गेल्यावर गावातलं घरही विकलं. तिकडे पोंतेल्माचा क्लब त्याच उन्हाळ्यात मोडला. रेमो रबराच्या कड्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला, आठ तास उभ्याने. रेमोचं घर क्रेदास्कोत, एल्विओ वालसेरात. अंतर किती? नऊ किलोमीटर. डॉन चेलेस्ते वारले तेव्हा दोघं चर्चमध्ये आले होते, एक डाव्या बाकांवर, एक उजव्या. मी तिथे होतो. सगळा वेळ लोक पाद्रीबाबांच्या पेटीकडे कमी आणि या दोघांकडे जास्त बघत होते.

मारिलेनाने एकदाच विषय काढला. "जाऊन ये ना त्याच्याकडे."

"काय सांगू जाऊन?"

"तेच, पाय आपोआप गेला म्हणून."

एल्विओने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

दोन हजार अकरा सालचा ऑक्टोबर. क्रेदास्कोच्या चर्चमागचं ते खडीचं मैदान नगरपालिकेने नवं केलं, हिरवा गालिचा अंथरला, आणि त्याला नाव द्यायचं ठरलं: एल्विओ कादेई मैदान. त्यासाठी डॉन चेलेस्तेंच्या हाताखाली खेळलेल्या जुन्या मुलांच्या सह्या हव्या होत्या. कचेरीतल्या सिन्योरा बोनेत्तीने अर्ज एल्विओला दाखवायला आणला, हौसेने. "सत्तावीस सह्या आल्या, बघा तरी."

एल्विओने चष्मा लावला. सगळ्यात वर, पहिली सही, रेमो फोरेस्ती.

"हे आले होते सही करायला?" त्याने विचारलं.

"मीच गेले होते त्यांच्या घरी. नवा गुडघा बसवलाय, फिरता येत नाही अजून. कागद वाचला, पेन मागितलं, सही केली. बोलले काही नाहीत."

त्या दिवशी एल्विओ जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो गाडी काढून क्रेदास्कोला गेला. ओर्नेल्लाने दार उघडलं. केस पांढरे झाले होते तिचे. ती म्हणाली, "आलास," आणि बाजूला झाली. तिच्या जागी दुसरी असती तर दार तोंडावर आपटलं असतं, आणि मी तिला दोष दिला नसता.

रेमो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. कुबडी खुर्चीला टेकवलेली, समोर रबरी कड्यांचा ढीग. कारखान्यातून येतात, कडेचं फाजील रबर लहान सुरीने कापून टाकायचं असतं. आमच्याकडे निम्म्या घरांत हे चालतं. त्याने वर पाहिलं आणि हातातली कडी पुरी केली.

"तब्येत बरी दिसते," रेमो म्हणाला. "तलावाच्या पाण्यात काय घालतात?"

एल्विओ खुर्चीवर बसला. कोट काढला नाही. "तू सही का केलीस?"

"पेन चालत होतं म्हणून."

"रेमो, मस्करी नको."

"मग काय करू? बावीस वर्षांनी आलास, तर निदान हसू तरी दे." त्याने दुसरी कडी उचलली. "सतरा वर्षं तू डोकं फोडून घेतलंस. गावात मैदानाला नाव द्यायचं तर तुझंच द्यायला हवं. म्हणून केली."

"पण ते नाव त्यासाठी देत नाहीत. त्या दिवशीसाठी देतात."

"ते मला वाचता येतं."

एल्विओने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. ओर्नेल्लाने नळ बंद केला.

"ऐक," तो म्हणाला. "गोल आपोआप झाला. देवाशपथ, तो आपोआपच झाला. पण नंतरचं नाही. तू समोरून आलास तेव्हा मला सगळं दिसत होतं. उजवी बाजू मोकळी होती. तुझं काम, तुझा गुडघा, सगळं मला ठाऊक होतं. अर्धं पाऊल डावीकडे टाकायचं, एवढंच होतं. आणि मी पाहिलं की फलकावर एक टांगलाय. माझा एक. बरोबरी झाली असती तर तो गोल कोणाच्या लक्षात राहिला असता? मला तो राहायला हवा होता, रेमो. जिंकून देणारा म्हणून. उद्याच्या पेपरात माझं नाव बारीक अक्षरात. त्यासाठी मी तुझा चेंडू काढून घेतला. इमान नाही, काही नाही. आणि बावीस वर्षं पोरांना सांगतोय की पाय आपोआप गेला."

रेमोने सुरी खाली ठेवली. बाहेर कोणाची तरी गाडी चढ चढत होती.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. चेंडू आत गेला तेव्हा तू हसलास. अगदी थोडा वेळ. मग मला पाहिलंस आणि तोंड मिटलंस. मला वाटलं, हसू दे बिचाऱ्याला, पहिलाच आहे. पण चेंडू घेऊन तुझ्यासमोर आलो तेव्हा तुझं तोंड परत तसंच होतं."

"मग कधी बोलला का नाहीस? पत्रकार तुझ्याकडेही आले होते. सांगायचं होतंस."

"काय सांगू? माझा मित्र मला गोल करू देत नव्हता म्हणून तक्रार करू?" रेमो हसला नाही. "आणि सांगून काय, क्लब परत उघडणार होता?"

"मी आजच कचेरीत जातो. नाव काढायला लावतो. का ते सगळ्यांना सांगतो."

"जा. सांग. ते म्हणतील, बघा, किती विनयशील माणूस आहे. अजून एक थाळी देतील." त्याने पाय जरा हलवला आणि कळ आली म्हणून थांबला. "एल्विओ, मला त्या मैदानाशी देणंघेणं नाही. पोरांनी खेळावं, पाटीवर काहीही लिहा. कारखान्याचंही आता काही वाटत नाही. उभा राहायची सवय होते माणसाला. पण एक गोष्ट मी तुला तोंडावर सांगणार होतो, आणि तू कधी आलाच नाहीस."

"सांग."

"तू बाजूला व्हायला हवं होतंस," रेमो म्हणाला. "मी झालो असतो."

आवाज चढलेला नव्हता. एल्विओने खाली पाहिलं. टेबलावर रबराचे काळे तुकडे पडले होते, तो ते बोटाने एका जागी गोळा करत राहिला.

"माहीत आहे," तो शेवटी म्हणाला. "ते मला तेव्हाही माहीत होतं."

मग तो उठला, कोटाची बटणं लावली आणि दाराकडे वळला. रेमोने पुन्हा सुरी उचलली होती.

"बस," तो म्हणाला. "मी तुला जा म्हटलेलं नाही."

एल्विओ बसला.